पुंजाजींचा तिसरा डोस

चीनमधल्या दवाखान्यांची गर्दी टीव्हीवर पुन्हा दिसायला लागली, त्याच आठवड्यात प्रीतमनं अंगणाच्या फाटकाला आतून कुलूप लावलं. रविवारी सकाळी संध्या अकोल्याहून अमरावतीला माहेरी आली, तेव्हा तिचे वडील फाटकाचे गज धरून आतल्या बाजूला उभे होते.

"ये. भेटीची वेळ सुरू झाली," पुंजाजी म्हणाले. "चावी जेलरसाहेबांपाशी हाये. थे आंघोळीले गेले."

"दादानं खरंच कुलूप लावलं?"

"मी कॅरमले जातो म्हणून लावलं. विहाराच्या ओट्यावर आमी चार म्हातारे बसतो, तर म्हणते, बाबा, तिथली हवा चांगली नाई. घरातली हवा काय दुकानातून आणली का, म्हटलं."

संध्या हसली. तिच्या मागं तिचे सासरे गोवर्धनराव रिक्षातून काठी टेकत उतरत होते. नाकातोंडावर पांढरा मास्क, त्यावर चष्मा. त्यांना पाहताच पुंजाजींचा चेहरा उजळला. मुलीच्या लग्नात हे दोघं व्याही झाले, आणि वर्षभरात व्याही कमी नि दोस्त जास्त झाले. हाक मात्र अजूनही "इवाई" अशीच. अकोल्याच्या ज्येष्ठ नागरिकांच्या कॅरम स्पर्धेत ही जोडी दोनदा फायनलपर्यंत गेली होती. मग कोरोना आला, स्पर्धा बंद पडली आणि दुसऱ्या लाटेत गोवर्धनराव ऑक्सिजनवर गेले. वाचले, पण दवाखान्यातून आले ते अर्ध्या जिन्यात थांबून श्वास घेणारे गोवर्धनराव होते.

प्रीतम ओल्या केसांनीच धावत आला आणि त्यानं कुलूप काढलं. गोवर्धनराव घरात शिरले नाहीत. शेवग्याखाली खुर्ची मागवून बसले.

"इवाई, जानेवारीत स्पर्धा हाये," ते म्हणाले. "तीन वर्षांनी घेऊन राहिले."

"मले माईत हाये. बोटं तयार ठेवली मी."

"बोटं ठेवली, दंडही तयार ठेवा. बूस्टर घ्या. तुमी बूस्टर घेतल्याबिगर मी तुमच्यासमोर बसत नाई."

पुंजाजींना आधी ती थट्टा वाटली. कॅरमच्या जोडीत भागीदार समोरासमोर बसतात. इतकी वर्षं त्यांच्यासमोर या माणसाशिवाय दुसरं कोणी बसलं नव्हतं. त्यांनी गोवर्धनरावांच्या डोळ्यांत पाहिलं. मास्कच्या वर डोळे हसत नव्हते.

"म्हणजे तुमीही संध्याच्या पार्टीत गेले," पुंजाजी म्हणाले, आणि आत जाऊन त्यांनी टीव्हीचा आवाज मोठा केला.

*

स्वयंपाकघरात पातोडीच्या रश्श्याचा वास सुटला होता. संध्यानं पदर खोचला आणि पोळपाटापाशी उभ्या असलेल्या भावजयीला विचारलं, "पौर्णिमा, तू कोणाच्या बाजूनं?"

"मी कोणाच्याच बाजूनं नाई, ताई. मी इथंच राहतो ना." पौर्णिमा मोर्शीची. बोलायला मोकळी, पण नवऱ्याच्या विरोधात पटकन न जाणारी. "तुमच्या दादाचं रोज नवीन निघते. परवा मेथी साबणाच्या पाण्यात धुवायले लावली. भाजीले फेस येऊन राहिला होता. बाबांनी एक घास खाल्ला अन् म्हणाले, आज तोंड स्वच्छ झालं."

"मग दादा बूस्टरले काहून नाई म्हणते?"

"यायच्या बँकेतल्या एका साहेबाचे वडील गेले. बूस्टर घेतल्यावर चार-सहा दिवसांनी, हार्ट अटॅकनं. तेव्हापासून नाव काढू देत नाई."

हे संध्याला नवीन होतं. प्रीतम फोनवर फक्त "सध्या नको" एवढंच म्हणायचा, आणि तिला वाटायचं की तो बाबांच्या हट्टाला भितो. ती शाळेत शिकवत होती. समोरच्याला नेमकं काय अडतं ते कळल्याशिवाय त्याला समजावता येत नाही हे तिला पाठ होतं. भावाच्या बाबतीत मात्र तिनं ते कधी केलं नव्हतं.

दुर्गाबाई खाली बसून कांदा चिरत होत्या. इतका वेळ एक शब्द बोलल्या नव्हत्या.

"माय, तुमी दोघं सोबत जा," संध्या म्हणाली. "तू घेतला की बाबांचंही मन होईल."

"मी घेतला."

"काय घेतला?"

"तोच, तिसरा. पावसाळ्यात. वर्षावासाचे दिवस होते. विहारातल्या बाया जाऊन राहिल्या होत्या, मी बी गेली."

पौर्णिमाचं लाटणं थांबलं. "आई, तुमाले तेव्हा ताप आला होता. पावसात भिजली म्हणाल्या होत्या तुमी. मी काढा करून देल्ला."

"हाओ. चांगला झाला होता काढा."

"पण सांगतलं काहून नाई?" संध्यानं विचारलं.

दुर्गाबाईंनी कांद्याची फोड ताटात सारली. "सांगतलं असतं तर तुह्या बापानं अन् भावानं बसून विचार केला असता. यायचा विचार होईस्तोवर पावसाळा संपला असता. मले काम होते घरी."

पौर्णिमा आधी तोंडावर हात ठेवून, मग तो काढून खदखदून हसायला लागली. हसू ओसरल्यावर तिनं पोळी तव्यावर टाकली आणि म्हणाली, "ताई, मघाचं जाऊ द्या. मी तुमच्या बाजूनं."

*

जेवणं अंगणातच झाली. गोवर्धनराव शेवग्याखाली, बाकीचे ओट्यावर. हात धुतल्यावर कोणी उठलं नाही, तेव्हाच प्रीतमला कळलं की ही बैठक आहे आणि ती आपल्यासाठी आहे.

"दादा, एक सांग," संध्या म्हणाली. "बाबांनी डोस घ्यायचा नाई?"

"नाई."

"मग त्यायले बाहेर जाऊ दे."

"तेही नाई. त्यायले दमा हाये, सत्तरी कवाच उलटली."

"डोस नाई, बाहेर जाणं नाई. मग करायचं काय त्यायनं?"

"घरात राहायचं. टीव्ही हाये, पेपर हाये. काय कमी हाये घरात?"

प्रीतमला स्वतःचंच वाक्य कानाला बरं वाटलं नाही. पण त्यांना काय सांगणार तो? दुसऱ्या लाटेतल्या त्या एप्रिलमध्ये याच गोवर्धनकाकांसाठी सिलिंडर शोधत तो अमरावती-अकोला रस्त्यावर किती वेळा फिरला होता. एका दवाखान्याच्या पायरीवर बसलेल्या त्याच्याच वयाच्या माणसाला त्यानं बापाच्या चपला हातात धरून रडताना पाहिलं होतं. तेव्हापासून त्याला एवढंच हवं होतं की बाबांपर्यंत काहीच पोहोचू नये, हवेतूनही नाही आणि सुईतूनही नाही. ते शक्य नाही हे त्याला कळत होतं. म्हणूनच तो रोज नवीन नियम काढत होता.

"आमच्या साहेबाचे वडील चालते-बोलते गेले," तो म्हणाला. "उद्या बाबांले काही झालं तर मी कोणाले तोंड दाखवू? मी नेलं होतं असं होईल."

"तुमच्या मायले तर काही झालं नाई," पौर्णिमा म्हणाली.

"मायचा काय संबंध?"

मग ते सगळं उघड झालं. प्रीतम आईकडं बघतच राहिला. पुंजाजीही. लग्नाला पन्नास वर्षं होत आली होती, आणि बायको पावसाळ्यापासून हे मनात ठेवून शांतपणे भाकऱ्या थापत होती.

"तू मले बी नाई सांगतलं?" पुंजाजी म्हणाले.

"तुमी विचारलं नाई."

गोवर्धनरावांच्या मास्कमधून घुसमटलेलं हसू ऐकू आलं. संध्यानं तेवढ्यात फोन काढला आणि घरच्या डॉक्टरांना, डॉ. शेखर यांना लावून ओट्यावर ठेवला. डॉक्टरांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी प्रीतमलाच विचारलं, "तुमच्या साहेबांच्या वडिलांना हृदयाचा त्रास आधीपासून होता का?"

"होता. दोनदा अँजिओप्लास्टी झाली होती."

"मग कशानं गेले ते मी इथून सांगू शकत नाही, आणि लसीनंच गेले असं तुम्हीही सांगू शकत नाही. लसीचा गंभीर त्रास कोणालाच होत नाही असं मी म्हणणार नाही. होतो, पण फार क्वचित. तुमच्या बाबांचं वय आणि दमा पाहता मला भीती आजाराची जास्त वाटते. मागच्या दोन्ही डोसांना काय झालं होतं?"

"हात दुखला. एक दिवस ताप."

"या वेळीही बहुतेक तेवढंच होईल. घेतल्यावर अर्धा तास तिथंच बसवा. दम्याचा पंप चालू ठेवा. अंगात ताप असेल त्या दिवशी मात्र जाऊ नका. आणि पुंजाजी, तुमचं स्वतःचं काय म्हणणं आहे?"

हा प्रश्न त्या अंगणात तोवर कोणीच विचारला नव्हता.

पुंजाजींनी घसा साफ केला. "डॉक्टरसाहेब, मी सुईले भेत नाई. मी लाइनमन होतो, मोठमोठे झटके पाहिले. पण हे घेतलं म्हणजे ते सारं पुन्हा सुरू होते. ताट दाराशी, कपडे वेगळे, नातवाले हात लावू नका. दोन वर्षं मी खिडकीतून रस्ता पाहिला. आता रस्त्यावर जायाचे किती दिवस हाये माह्याजवळ? थे बी खिडकीतच काढायचे का?"

प्रीतमनं खाली पाहिलं. डॉक्टर म्हणाले, "याचं उत्तर घरच्यांनीच द्यायचं," आणि पेशंट थांबलेत म्हणून त्यांनी फोन ठेवला.

तेव्हा गोवर्धनरावांनी काठी जमिनीवर टेकवली. "इवाई, खांबावर चढताना कमरेले पट्टा बांधायचे का नाई तुमी?"

"बांधायचो."

"रोज? खांब सोपा असला तरी?"

"रोज. पण पट्टा बांधून मी घरी नव्हतो बसत. पट्टा बांधून वर जात होतो."

"मग मी बी तेच म्हणून राहिलो. बांधा अन् वर जा. मले आता दुसऱ्यांदा झालं तर उठता येईल असं वाटत नाई. तुमी माह्यासमोर हातभर अंतरावर बसता, जिंकलं का मोठ्यानं हसता. मले थे हसणं पायजे. म्हणून म्हणतो, घ्या."

पुंजाजी प्रीतमकडं वळले.

"मी घेतो. पण कुलूप निघालं पायजे."

"निघेल," प्रीतम म्हणाला.

"रोजची वाफ घेणं बंद."

"सर्दी झाली तरच घ्या."

"मेथी साध्या पाण्यात."

"थे तर मी आजपासूनच करतो," पौर्णिमा म्हणाली.

"मास्क मी घालीन. बसमधी, दवाखान्यात, बाजारात गर्दी असली तर. ओट्यावर नाई घालणार, ओटा उघडा हाये. हात मी तसाही धुतो."

"अन् घसा दुखला तर?" संध्यानं विचारलं.

"तर घरी राहीन."

"कोणाचाही घसा दुखला तर," गोवर्धनराव म्हणाले. "तुमचा असो का माहा. त्यानं गपचूप घरी राहायचं अन् टेस्ट करायची. अन् स्पर्धेच्या हॉलच्या खिडक्या उघड्या पायजेत, थे मी आयोजकायले सांगतो."

प्रीतम उठला. खिशातली चावी त्यानं वडिलांच्या हातावर ठेवली. "मी नेतो तुमाले," तो म्हणाला. "उद्याच जाऊ. बाकी काही होवो, सोबत मीच असीन."

*

दुसऱ्या दिवशी केंद्रावर गर्दी नव्हती. पुंजाजींनी बाही वर केली आणि नर्सला म्हणाले, "सावकाश बाई, डाव्या हातात टोचा, उजवा खेळायचा हाये." अर्धा तास ते बाकावर बसले, आणि तेवढ्या वेळात प्रीतमनं त्यांना इतक्यांदा "बरं वाटते ना?" विचारलं की शेजारच्या म्हातारीनं त्यालाच पाणी देऊ केलं.

संध्याकाळी ताप चढला. प्रीतम उशाशी खुर्ची टाकून बसला. डॉक्टरांनी सांगितलेली गोळी दिली, दर थोड्या वेळानं थर्मामीटर लावला.

"लेका, काखेतून काढ आता. पिकून राहिलं थे," पुंजाजी म्हणाले.

दुसऱ्या दिवशी ताप उतरला, दंड तेवढा ठणकत राहिला. तिसऱ्या दिवशी सकाळी ते उठले, फाटक उघडलं आणि विहाराच्या ओट्यावर गेले. ते दिसेनासे होईपर्यंत प्रीतम फाटकात उभा होता. मग आत येऊन त्यानं कुलूप माळ्यावरच्या डब्यात टाकलं आणि बँकेत जायला निघाला.

*

स्पर्धेच्या दिवशी सकाळी अकोल्यात गोवर्धनरावांना गिळताना घसा टोचला.

आदल्या संध्याकाळी अमरावतीची मंडळी मुक्कामाला आली होती. खाली पुंजाजींचं तयार होणं चालू होतं. शीळ ऐकू येत होती. गोवर्धनराव पलंगावर बसून विचार करत राहिले. कोणाला कळणार होतं? मिठाच्या पाण्याच्या गुळण्या, एक गोळी, वर मास्क. तीन वर्षं ज्याची वाट पाहिली तो दिवस होता. त्यांनी पुन्हा एकदा थुंकी गिळून पाहिली. टोचत होतंच.

त्यांनी दार आतून लावलं आणि सुनेला हाक मारली. "संध्या, मी येत नाई. घसा दुखून राहिला."

संध्यानं टेस्टचं किट दाराशी ठेवलं. त्यात काही निघालं नाही. "तरीबी नाई," गोवर्धनराव दारामागून म्हणाले. "दुखणं कायचं हाये ते किटले माईत नाई. ठरलं म्हणजे ठरलं."

जिन्याच्या पायरीवर पुंजाजी उभे होते. "जाऊ द्या, इवाई," ते म्हणाले. "पुढच्या वर्षी खेळू. मी नाव काढून घेतो."

"नाव कायले काढता?" मागून दुर्गाबाई म्हणाल्या. "मी बसतो."

"तू?"

"साठीच्या वरचे पायजेत ना? मी हाये."

"दुर्गा, थे स्पर्धा हाये. घरी खेळणं वेगळं."

"हाओ, वेगळंच हाये. घरी तुमी हरत होते."

दाराच्या आत गोवर्धनराव ताठ बसले. लॉकडाऊनच्या दोन वर्षांत इवाई कोणासोबत खेळत होते हा प्रश्न त्यांना कधी पडलाच नव्हता. घरात दुसरं होतं कोण? प्रीतम बँकेत, पौर्णिमा पोरांमागं. रोज दुपारी बोर्ड मांडला जात असेल, आणि समोर ही बाई बसत असेल.

"इवाई," ते दारातूनच म्हणाले, "न्या त्यायले."

हॉलच्या खिडक्या उघड्या होत्या. संध्यानं व्हिडिओ कॉल लावून फोन वर धरला, त्यामुळं गोवर्धनरावांना बोर्ड आणि चार हात दिसत होते. त्यातला एक हिरव्या बांगड्यांचा. तो हात घाई करत नव्हता. स्ट्रायकर ठेवायचा, थोडा सरकवायचा, थांबायचा. मग सोंगटी अशी हळू जायची की आता थांबेल, आता थांबेल असं वाटायचं, आणि ती भोकात पडायची. पहिला सामना त्यांनी जिंकला. मास्कमधूनही पुंजाजींचं हसू फोनभर घुमलं. समोरच्या जोडीतल्या एकानं विचारलं, "बाई कुठं शिकल्या?" पुंजाजी म्हणाले, "मीच शिकवलं," आणि फोनवर दिसणारा हिरव्या बांगड्यांचा हात क्षणभर हवेत थांबला.

दुसरा सामना ते हरले.

दुपारी सगळे परत आले आणि अंगणात उभे राहिले. गोवर्धनराव वरच्या खिडकीत बसले होते.

"दुसऱ्याले काय झालं? फोन बंद पडला होता," त्यांनी विचारलं.

"यायनं राणी घेतली," दुर्गाबाई म्हणाल्या, "अन् तिच्यामागची कव्हरची सोंगटी सोडली."

"स्ट्रायकर घसरला माहा," पुंजाजी म्हणाले.

"मी असतो तर कव्हर सुटलं नसतं," गोवर्धनराव म्हणाले.

"तुमी असते तर पहिलाच सामना गेला असता, इवाई. मी फायनल पाहिल्या तुमच्या दोन्ही," दुर्गाबाई म्हणाल्या.

गोवर्धनराव हसले, आणि हसता हसता त्यांना खोकला आला. खाली प्रीतम दोन पावलं जिन्याकडं गेला. त्यांनी हात वर केला. "घाबरू नका. हा हसण्याचा हाये." श्वास जाग्यावर आल्यावर त्यांनी जरा जपूनच विचारलं, "मग पुढच्या वर्षी मी कोणासमोर बसू, इनबाई? जोडी तर तुमची जमली."

"तुमी दोघं एकमेकांसमोर बसा," दुर्गाबाई म्हणाल्या. "मी वेगळं नाव देतो. विहारातली लीलाबाई हाये, तिचा नेम चांगला हाये. तुमच्या विरोधात खेळू."

त्या हातपाय धुवायला आत गेल्या. पौर्णिमा त्यांच्यामागं गेली, संध्याही. प्रीतम तेवढा हसू दाबत ओट्यावर टेकला.

पुंजाजींनी वर पाहिलं. गोवर्धनरावांनी खाली पाहिलं.

"इवाई," गोवर्धनराव शेवटी म्हणाले, "घसा बरा झाला का दुसऱ्याच दिवशी बसू. आता लय मेहनत करा लागते."